विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्सही बसवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले आणि ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांमधला चालता संगणक कागदोपत्री निकामी ठरला. त्या दिवशी कोणाची स्क्रीन काळी पडली नाही. चोळेगाव, कांचनगाव, खंबाळपाडा, नव्वद फुटी रस्त्यालगतच्या इमारती, सगळीकडे तीच मशिन्स दुसऱ्या दिवशीही सुरू झाली. मुलांचे प्रकल्प छापले गेले, सोसायटीची मेंटेनन्सची बिले निघाली. फरक पडला तो एवढाच, की विंडोज १० मध्ये यापुढे सापडणारी सुरक्षेची भोके कंपनी आपणहून बुजवणार नाही. विंडोज ११ घ्यायला जावे तर ती म्हणते, तुमचा प्रोसेसर यादीत नाही. मग दुकानदार सांगतो, आता नवीनच घ्या. या सल्ल्याला माझा विरोध आहे. ज्या संगणकाची हार्ड डिस्क, मेमरी आणि स्क्रीन ठणठणीत आहे, तो विकू नये, भंगारात देऊ नये, आणि आहे तसा इंटरनेटवर उघडाही ठेवू नये. त्यातली विंडोज राहू द्यावी, तिच्या शेजारी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी आणि सुरू करताना दोन्हींपैकी हवी ती निवडावी. याला ड्युअल बूट म्हणतात. हा हौशी लोकांचा उद्योग मानला जातो. माझ्या मते साध्या मध्यमवर्गीय घरासाठी आज तोच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला चार जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते, आणि एवढे तर दहा वर्षांपूर्वीच्या मशिनमध्येही असते. अडते ते दोन गोष्टींवर: टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि कंपनीने मान्य केलेला प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१६-१७ साली घेतलेला, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला लॅपटॉप, ज्यात पुष्कळदा टीपीएम २.० ची चिपसुद्धा असते, तो केवळ प्रोसेसरच्या क्रमांकामुळे बाहेर राहतो. आपल्याकडे नेमकी हीच मशिन्स जास्त आहेत. ऐरोली-महापे, पवई, अंधेरीच्या कार्यालयांतून तीन-चार वर्षे वापरून निघालेले लॅपटॉप सेकंड हँड बाजारात येतात आणि मध्य रेल्वेच्या डब्यातून कल्याणच्या दिशेने घरी पोचतात. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा तर ज्यांच्या घरात संगणक नव्हता त्यांनीही असाच कुठूनतरी मिळवला. त्या यंत्रांचे काम संपलेले नाही. संपली आहे ती एका कंपनीची त्यांच्याबद्दलची जबाबदारी. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय केली, पण ती जाहीर करताना मुदत दिली १३ ऑक्टोबर २०२६ ची, आणि तीही कंपनीचे खाते उघडून. ही सोय ज्यांना मिळते त्यांनी जरूर घ्यावी. ती श्वास घ्यायला मिळालेली सवड आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

आता ‘अर्धे हे, अर्धे ते’ अशी व्यवस्था म्हणजे तडजोड, तात्पुरती मलमपट्टी, असे पुष्कळांना वाटते. एक तर विंडोज ठेवा नाहीतर पूर्ण लिनक्सवर जा, दोन दगडांवर पाय कशाला? या आक्षेपाला ठाकुर्लीइतका चांगला दाखला दुसऱ्या गावाकडे क्वचितच असेल. ३ फेब्रुवारी १९२५ ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर. हे विद्युतीकरण पुढे घाटापर्यंत नेण्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीत स्वतःचे वीजकेंद्र उभारले. चोळा पॉवर हाऊस म्हणून ते ओळखले जाई. पुढे देशाने २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह स्वीकारला आणि मुंबईची डीसी व्यवस्था एकटी पडली. ती एका रात्रीत उपटून टाकता आली असती का? रोज लाखो माणसे त्याच तारांखालून कामावर जात होती. म्हणून रेल्वेने दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने वापरली. १९९० च्या दशकात आलेली डब्ल्यूसीएएम-३ जातीची इंजिने कल्याणच्या शेडची होती. इगतपुरीला इंजिन बदलण्याची गरज त्यांनी कमी केली. लोकलचे रेकही दोन्ही प्रवाहांवर चालणारे आले. २०१६ पर्यंत मुंबईचे रूपांतर पूर्ण झाले, तोवर ही दुहेरी यंत्रणा वर्षानुवर्षे चालली. एका इंजिनात दोन प्रवाहांची सामग्री वाहून नेणे वजनाने आणि खर्चाने जड होते. रेल्वेने तो भार उचलला, कारण गाडी थांबवणे त्याहून महाग होते. घरातल्या संगणकाचेही गणित हेच आहे. दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायला हार्ड डिस्कवर थोडी जागा जाते, सुरुवातीला एक दिवस जातो. त्या बदल्यात कोणतेही काम न थांबवता माणूस एका व्यवस्थेतून दुसरीकडे सावकाश सरकू शकतो.

ही जोडणी प्रत्यक्षात कशी होते, हे जरा जवळून पाहायला हवे, कारण तिच्याबद्दलची भीती बहुतेक अज्ञानातून येते. पहिले काम संगणकाला हात लावण्याआधीचे: फोटो, हिशेब, पत्रे, जे जे पुन्हा मिळणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. ते उघडून पाहणेही त्यातच आले. दुसरे काम विंडोजमधलेच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसायचा आणि पन्नास-साठ जीबी तरी जागा मोकळी सोडायची, तिला फॉरमॅट मारायचे नाही. फास्ट स्टार्टअप बंद करायचे. ते चालू असले तर विंडोज बंद केल्यासारखी दिसते पण खरोखर बंद होत नाही, आणि लिनक्सने त्या ड्राइव्हवर लिहिले तर फायली बिघडू शकतात. ड्राइव्हला कुलूप घालणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायची. मग लिनक्सची इमेज पेनड्राइव्हवर चढवायची, मशिन सुरू होताना एफ-१२ किंवा तत्सम कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा, आणि काहीही न बसवता आधी नुसते चालवून बघायचे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सगळे इथेच कळते. लिनक्सचा हा मोठाच गुण आहे. घ्यायच्या आधी घरी आणून वापरून बघता येते, आणि पेनड्राइव्ह काढला की संगणक जसाच्या तसा. पसंत पडले तर ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय निवडायचा.

खूप जुन्या मशिनमध्ये एक अडथळा हमखास येतो आणि तो आधी माहीत असलेला बरा. विंडोज ७ च्या काळातल्या संगणकांत बायोस आणि एमबीआर ही जुनी पद्धत असते. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात सगळा कारभार मावलेला; त्यात पार्टिशनच्या नोंदींना फक्त ६४ बाइट, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच्या वर होत नाहीत. काही कंपन्यांनी लॅपटॉप विकतानाच हे चारही वापरून टाकले होते: एक सुरू होण्यासाठी, एक सी ड्राइव्ह, एक रिकव्हरी, एक स्वतःच्या टूल्ससाठी. मग मोकळी जागा असूनही लिनक्सला पाय ठेवता येत नाही, आणि नवखा माणूस घाबरून नको ते पार्टिशन उडवतो. खरे तर यावर साधा उपाय आहे. बिनमहत्त्वाचे पार्टिशन कोणते ते जाणकाराकडून ठरवून घ्यावे, नाहीतर दुसरी डिस्कच जोडावी. डेस्कटॉपमध्ये वेगळी एसएसडी लावणे सोपे आहे. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी बसवतात आणि जुनी हार्ड डिस्क तीत सरकवतात. मूळ जागी नवी एसएसडी येते. विंडोज एका डिस्कवर, लिनक्स दुसऱ्या डिस्कवर, कोणाचा कोणाला धक्का नाही. मला विचाराल तर ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत त्याने ते इथेच घालावेत, कारण जुन्या संगणकाचा संथपणा बहुतांशी फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. एसएसडी आणि आठ जीबी मेमरी लावलेली मशिन दहा वर्षांची आहे हे घरातल्यांच्या लक्षातही येत नाही.

बसवून झाले की संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर एक छोटी यादी दिसते. वर लिनक्स, खाली विंडोज. बाणाची कळ वरखाली करायची, एंटर मारायचा. दहा सेकंद कोणी काही केले नाही तर वरची यंत्रणा आपोआप सुरू होते. रोजच्या वापरातले ड्युअल बूट एवढेच आहे. एक गंमतशीर अडचण मात्र पुष्कळांना येते: लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे. संध्याकाळचे सात वाजले असतील तर दुपारचा दीड दाखवते. मशिन बिघडली, बॅटरी गेली, असे समजून माणसे दुकानात जातात. कारण एवढेच, की मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स जागतिक वेळ, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सला ‘तूही स्थानिक वेळच पाळ’ असे एका ओळीच्या आज्ञेने सांगितले की प्रश्न संपतो. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की ड्युअल बूटच्या बहुतेक कटकटी याच जातीच्या असतात: पहिल्यांदा अनाकलनीय, कारण कळल्यावर दोन मिनिटांच्या.

पण नुसत्या दोन यंत्रणा बसवून भागत नाही. कोणते काम कुठे करायचे हे ठरवणे हाच या व्यवस्थेचा गाभा आहे. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँक, ईमेल, खरेदी करू नये. ही सगळी कामे ब्राउझरमध्ये होतात, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवरही तसेच चालते. म्हणून इंटरनेट लिनक्सकडे द्यावे. विंडोजचे वायफाय बंद करून टाकावे आणि जे काम खरोखर तिच्यावाचून अडते तेवढेच तिच्यात करावे. असे काम आहे, हे लिनक्सच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी प्रांजळपणे मान्य करायला हवे. टॅली विंडोजवर चालते. छोट्या दुकानदाराची मागच्या कित्येक वर्षांची वहीखाती त्यात आहेत. डीटीपी करणाऱ्यांकडे श्रीलिपीत जुळवलेल्या पत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल आहेत, आणि ते युनिकोडमध्ये नाहीत; योग्य फाँट आणि सॉफ्टवेअर नसले की त्या फायलींत नुसता चिन्हांचा खच दिसतो. एखाद्या गणेशोत्सव मंडळाचा वीस वर्षांचा मजकूर अशा फायलींत अडकलेला असतो. ‘विंडोज पुसून टाका’ असे सांगणारा माणूस हा मजकूरही पुसायला सांगत असतो. ड्युअल बूटमध्ये तो जागच्या जागी राहतो आणि सवडीने युनिकोडमध्ये आणता येतो. विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फायली लिनक्सला वाचता येतात. उलट बाजूने विंडोजला लिनक्सचे पार्टिशन सहसा दिसत नाही. त्यामुळे सामाईक कागदपत्रे विंडोजच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली बरी.

मराठीत टाइप करायचे काय, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. ज्यांनी इनस्क्रिप्ट शिकले आहे त्यांना काहीच नव्याने शिकावे लागत नाही. हा की-बोर्ड भारतीय मानक आहे. क, त, च, ट या कळी दोन्ही यंत्रणांत त्याच जागी आहेत. देवनागरी फाँट लिनक्ससोबतच येतात, लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठी रूपातही मिळतात. इंग्रजी उच्चाराने टाइप करणाऱ्यांसाठीही सोय आहे, फक्त ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. मराठीच्या नावाने लिनक्सला नाही म्हणण्याचे कारण आता उरलेले नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आणि भरवशाचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभरच्या अनेक ड्युअल बूट संगणकांत लिनक्स सुरूच होईना; काहीतरी गंभीर बिघडले आहे, असा संदेश येऊन मशिन बंद पडे. सुरू होणारी यंत्रणा विश्वासार्ह आहे का हे तपासणाऱ्या सिक्युअर बूटच्या नियमांत केलेला बदल दुहेरी यंत्रणा असलेल्या संगणकांना लागू होणार नाही असे कंपनीने म्हटले होते, तरी तो लागू झाला. विंडोजकडून पक्की दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला. ही घटना ड्युअल बूटच्या विरोधकांच्या हातातला चांगला पुरावा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचे मोजमाप नीट करावे. कोणाच्या फायली त्यात गेल्या नाहीत. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स पुन्हा सुरू करता येत होती. जुन्या बायोसवरच्या संगणकांना तर तो प्रश्न भेडसावलाच नाही. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे विंडोज इंटरनेटपासून तोडलेली असेल, तर असले अपडेट तिच्यात शिरणारच नाही. डेटा जाण्याची खरी भीती बसवण्याच्या दिवशी असते, घाईत चुकीचे पार्टिशन निवडले गेले तर. त्यावर बॅकअपखेरीज औषध नाही, आणि बॅकअप तर ड्युअल बूट न करणाऱ्यानेही घ्यायलाच हवा.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोज ११ ची तपासणी चुकवून ती बसवा. तशा युक्त्या आहेत. आहेत खऱ्या, पण अशा संगणकाला अपडेट मिळतीलच असे कंपनी म्हणत नाही, आणि उद्याच्या मोठ्या आवृत्तीत ती फट बुजली तर आपण पुन्हा तिथेच. घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती असा भरवसा नसलेला संगणक देणे मला पटत नाही. दुसरे म्हणतात, व्हर्च्युअल मशिन वापरा, म्हणजे एका यंत्रणेच्या आत दुसरी. नव्या, भरपूर मेमरीच्या संगणकावर ते उत्तम. चार जीबीच्या मशिनमध्ये मात्र दोघींना एकाच वेळी पोसायचे म्हणजे दोघीही उपाशी. ड्युअल बूटमध्ये जी यंत्रणा सुरू असते तिला सगळी मेमरी आणि सगळा प्रोसेसर मिळतो, म्हणूनच जुन्या मशिनला ते मानवते.

मुलांच्या नोकरीचे काय, ही पालकांची चिंता खोटी नाही. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या निमित्ताने लाखो लोकांनी संगणक शिकला तो विंडोज आणि ऑफिसवर. कार्यालयांतही तेच दिसते. पण ड्युअल बूटमध्ये विंडोज घरातून जात नाहीच. उलट, ज्या सर्व्हरवर इंटरनेटचा मोठा भाग चालतो ते लिनक्सवर आहेत, अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे, आणि अभियांत्रिकीला किंवा बीएस्सी आयटीला गेलेल्या मुलाची पहिल्या-दुसऱ्या वर्षातच तिच्याशी गाठ पडते. घरच्या जुन्या संगणकावर तिची ओळख झालेली असेल तर बरेच. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून शाळांमधले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि आजही ‘काइट’ ही संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करते. तिथली मुले नोकरीच्या बाजारात मागे पडली असे कोणी म्हणत नाही. गोव्यात या शतकाच्या सुरुवातीला परदेशस्थ गोवेकरांच्या पुढाकाराने तिकडचे वापरून झालेले संगणक शाळांत आणले गेले, आणि त्यावर लिनक्स चालवली गेली. जुने यंत्र आणि मोफत यंत्रणा ही जोडी आपल्या शेजारीच वापरून झालेली आहे. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ चे आहे, सी-डॅकची बॉस लिनक्स २००७ पासून आहे, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित ‘माया’ घेतली. उणीव आहे ती हे सगळे ठाकुर्लीच्या वन-बीएचकेपर्यंत पोचवणाऱ्या माणसांची.

आता पर्यावरणाबद्दल, कारण कल्याण-डोंबिवलीत कचरा हा कागदावरचा विषय नाही. आधारवाडीच्या डम्पिंगचा धूर कल्याणकरांनी वर्षानुवर्षे सोसला आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. विंडोज १० चा आधार संपल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्येच वर्तवला होता. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. तरी गल्लीतला भंगारवाला संगणक वजनावर घेतो आणि पुढे तो कुठे जाऊन तुटतो, त्यातले शिसे आणि तांबे कोण कसे काढतो, हे आपल्याला दिसत नाही. जुन्या मशिनला वीज जास्त लागते हे खरे, विशेषतः जुन्या डेस्कटॉपला. दिवसभर चालणाऱ्या कार्यालयाने तो हिशेब जरूर करावा. घरात दोन-तीन तास चालणाऱ्या लॅपटॉपचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या आयुष्यातल्या कर्ब उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो, म्हणून तो जितकी जास्त वर्षे चालेल तितके बरे.

सगळीच मशिन्स वाचणार नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ३२ बिटच्या संगणकांना लिनक्सचे दरवाजेही बंद होत आले आहेत. उबुंटूने ते कधीच केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटवर बसवण्याची सोय काढून टाकली. दोन जीबीपेक्षा कमी मेमरी, फुगलेली बॅटरी, सतत आवाज करणारी हार्ड डिस्क, अशा यंत्रासाठी जिवाचा आटापिटा करू नये. ते अधिकृत संकलकाकडे द्यावे.

उरलेल्यांसाठी काही गोष्टी स्थानिक पातळीवर सहज करता येण्याजोग्या आहेत आणि त्या मागितल्या पाहिजेत. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आपल्याकडे बॅटरी, स्क्रीन आणि सुट्या भागांभोवती फिरते. केंद्राचे त्यासाठीचे पोर्टलही आहे. पण चांगल्या स्थितीतला संगणक जर केवळ सॉफ्टवेअरमुळे बाद ठरत असेल, तर सेकंड हँड लॅपटॉप विकणाऱ्याने बिलावर दोन ओळी लिहिणे बंधनकारक असायला हवे: यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिला कोणत्या तारखेपर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. आज विंडोज १० घातलेला लॅपटॉप ‘एकदम ओके’ म्हणून विकला जातो आणि घेणाऱ्याला यातले काहीच माहीत नसते. दुसरी मागणी महाविद्यालयांकडे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. पेंढरकर, मॉडेल, कल्याणचे बिर्ला, या महाविद्यालयांतल्या संगणक शाखेच्या मुलांनी त्यातले काही रविवार सोसायट्यांच्या कार्यालयांत बसून घालवले, लोकांचा बॅकअप घेऊन दिला, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवली आणि ज्यांना पटली त्यांना बसवून दिली, तर त्या तासांचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. डोंबिवलीत जुन्या पुस्तकांच्या आदान-प्रदानाला गर्दी होते. त्याच मांडवात एक टेबल जुन्या संगणकांसाठी ठेवता येईल. महापालिकेने आपल्या शाळांमधल्या आणि कार्यालयांमधल्या विंडोज १० च्या संगणकांची यादी करून, कोणते ठेवायचे, कोणते काढायचे, हे निविदा काढण्याआधी जाहीर करावे. आणि ज्याच्या घरी असा संगणक आहे त्याने नव्याचा हप्ता सुरू करण्याआधी एक रविवार काढून, मोकळा आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती त्यावरून नुसती चालवून पाहावी. वायफाय लागले आणि प्रिंटरमधून मराठी पान नीट बाहेर आले, की पुढचा निर्णय त्याचा त्याला घेता येईल.